बानं बदललेला तांदूळ

परवा माझ्या सुनेनं मोबाइलवरून तांदूळ मागवला. पिशवी चकचकीत, वर सोनेरी अक्षरं, बाजूला केशर घातलेल्या पुलावाचं चित्र आणि खाली लिहिलेलं, रोजच्या वापराचा बासमती. मी ती कापली, मूठभर तांदूळ ताटलीत घेऊन खिडकीशी गेले आणि माझं डोकं फिरलं. निम्मे दाणे आखूड आणि पोट सुटलेले, बाकीच्यात कणी, आणि रंग असा पांढराफटक की जणू नीळ देऊन वाळवलाय. रोजच्या वापराचा बासमती म्हणजे काय असतं? एक तर तो बासमती असतो, नाहीतर नसतो. सून म्हणाली, "आई, शिजल्यावर सगळा सारखाच दिसतो." तिच्यावर मी ओरडले नाही. ती पोरगी पिशवीवरचं वाचते, तिला कोणी दाणा वाचायला शिकवलंच नाही. पण पिशवी परत न्यायला आलेला माणूस जेव्हा म्हणाला की उघडलेला माल चालत नाही, तेव्हा त्याच्याशी मात्र मी जिन्यात उभी राहून कडकडून भांडले. उघडल्याशिवाय तांदूळ कळतो कसा, हे त्याला विचारलं. तो भरलेल्या बॅगा घेऊन तसाच खाली उतरला.

माझ्या वयाच्या बाया आता गुडघ्यांवर बोलतात, मी तांदळावर बोलते. दुकानात गेले की पोतं उघडायला लावते. दाणा बारीक आणि लांब हवा, दोन्ही टोकं निमुळती, अंगाला किंचित बाक असला तर उत्तम. रंग दुधाच्या सायीकडे झुकलेला, थोडा पिवळट. जो तांदूळ फार उजळ दिसतो तो एक तर नवा असतो, नाहीतर त्याला घासूनपुसून बसवलेलं असतं. मूठभर घेऊन तळहातावर चोळायचा, हाताला पीठ लागलं की पोतं बांधायला सांगायचं. मग एक दाणा दातांत धरायचा. जुना दाणा कट्‌कन तुटतो आणि कोरडा राहतो, नवा दाणा दाताखाली जरा दबतो आणि चिकटतो. आणि एवढं करून समाधान झालं नाही तर वाटीभर घरी आणून भिजवून शिजवून पाहायचा, मग पाच किलो घ्यायचा. दुकानदार मला पाहून तोंड वाकडं करतो, करू दे. चांगला बासमती वर्ष-दीड वर्ष कोठारात बसलेला असतो. तेवढ्या काळात त्याच्यातला ओलावा जातो आणि तो शिजताना लांबीला वाढतो, जाडीला नाही. नव्याला हे जमत नाही. नवा पाण्यात पडला की फुटतो, एकमेकांच्या अंगावर पडतो, गिचका होतो.

हे मला याडीनं शिकवलं. याडी म्हणजे आई. आम्ही बंजारा, दारव्ह्याजवळच्या एका तांड्यातले, घरात गोरमाटी बोलायचो. इथे मात्र घरची बोलणी मी वऱ्हाडीत लिहिते आहे, कारण माझ्या नातवंडांना गोरमाटी येत नाही, आणि त्याचाही मला राग आहे, पण तो वेगळ्या प्रकरणाचा विषय आहे.

आमचं घर ज्वारीचं होतं. पहाटे मला जाग यायची ती याडीच्या भाकरी थापण्यानं. आधी परातीत पीठ मळल्याचा दबका आवाज, मग थप थप थप, मग तव्यावर भाकर पडल्याचा चर्र. बाहेर बकऱ्या खुरं आपटायच्या, शेजारची काकी सुनेला उठवायला भांडी वाजवायची, आणि या सगळ्याच्या वर बाच्या खाकरण्याचा आवाज. भाकर, वरण, आंबाडीची नाहीतर चिवळीची भाजी, लाल मिरचीचा ठेचा, एवढं आमचं जेवण. भात म्हणजे कोणी आजारी पडलं तर, किंवा पाहुणा आला तर. पाहुणा मोठा असेल तरच बासमती, आणि तोही दारव्ह्याच्या बाजारातून फडक्यात बांधून यायचा. त्याचा वास जीपमधल्या सगळ्यांना यायचा आणि लोक विचारायचे, आज कोणाकडे काय आहे.

बाला धान्याचा भारी गर्व होता. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुख पालथा घालायचे, हे तो आलेल्या प्रत्येकाला सांगायचा. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी एकदा पेरणीबद्दल काही सांगायचा प्रयत्न केला, तर बा म्हणाला, "गुरुजी, आमाले धान्य नका शिकवू. आमच्या खानदानीनं तुमच्या बापजाद्याले धान्य पोचवलं." ज्वारीच्या बाबतीत तो खोटं बोलत नव्हता. दाणा दातात धरून तो सांगायचा की ही काळ्या रानातली आहे की बरड जमिनीवरची, खळ्यावरून आली की कोठीतून. ज्वारी नवी हवी. नव्या ज्वारीचा दाणा टपोरा, तुकतुकीत, भाकर गोड आणि मऊ. जुन्या ज्वारीला कीड लागते, पीठ कडवट होतं. पाहुण्याच्या ताटात जुन्या ज्वारीची भाकर वाढणं म्हणजे त्याचा अपमान. आमच्या तांड्यात हे लहान पोरालाही माहीत होतं. बाची चूक इथेच सुरू झाली. ज्याला ज्वारी कळते त्याला जगातलं सगळं धान्य कळतं, असं तो धरून चालला होता.

याडीला तांदूळ शिकवला नफिसा खालानं. खालाचा नवरा दारव्ह्यात पंपाची इंजिनं दुरुस्त करायचा. आमचं इंजिन दर उन्हाळ्यात बंद पडायचं, आणि बा त्या दुकानात ऑइलनं काळे झालेले हात चोळत बसला की याडी मागच्या दारानं खालाच्या स्वयंपाकघरात जायची. दोघींचं भारी जमायचं. खाला लग्नाकार्याचा पुलाव करायची, याडी तिला कांदा चिरून द्यायची, तांदूळ निवडून द्यायची. मी दाराच्या उंबऱ्यावर बसून ऐकायची. खाला एक दाणा याडीच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, "कमला, ये देख, दातात धर. बोलला का कट्‌? बोलला तो अपना. चूप बसला तो वापस." याडी हसायची. घरात मी तिला एवढं हसताना पाहिलेलं नव्हतं. दोन-तीन वर्षांत ती अशी तयार झाली की तांड्यातल्या लग्नातसुद्धा भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, तिच्या हाती द्यायला लागले. लांबून पाहिलं तरी दाणा दाण्यापासून वेगळा दिसायचा.

दारव्ह्याला आमच्या लोकांच्या पोरांसाठी एक आश्रमशाळा निघाली होती. तिथे स्वयंपाकीण हवी होती. पगारी नोकरी, राहायला एक खोली, आणि मुख्य म्हणजे मला तिथल्या शाळेत घालता आलं असतं, कारण आमच्या गावची शाळा चौथीला संपायची. याडीनं ते मनावर घेतलं. ती बोलायची नाही फारशी, पण त्या दिवसांत ती भाकरी थापता थापता मला विचारायची, "तुले पुस्तकं कोणती लागतीन पाचवीले?" मला काय माहीत कोणती लागतील. नोकरी देणं मुख्याध्यापकांच्या हातात होतं. सगळे त्यांना मोठे गुरुजी म्हणायचे. शिस्तीचे, पांढऱ्या कपड्यांतले, भाताशिवाय न जेवणारे. ते म्हणाले, बाईंच्या हातचं एकदा जेवून बघतो. बाला यात काही गैर वाटलं नाही, उलट त्याला चेव आला. गुरुजी आपल्या घरी जेवणार, तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक पंगतीला बसणार, म्हणजे बासमतीच पाहिजे.

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं दारव्ह्याला गेलो. याडीनं धान्याच्या दुकानात खाली बसून पोती उघडायला लावली. दुकानदार आधी वैतागला, मग गप्प झाला, कारण तिनं तीन पोती नाकारली आणि चौथ्यातला दाणा दातात धरल्यावर मान हलवली. तांदूळ फडक्यात बांधून झाला. पैसे दिले. गाठोडं तिथेच ठेवून ती खालाकडे पितळेचा मोठा गंज मागायला गेली, आणि मला म्हणाली, "बा आला का गाठोडं घेऊन ये त्याच्यासंगं."

बा आला. त्यानं गाठोडं उचलायच्या आधी सोडलं. तांदूळ हातात घेतला, नाकाशी नेला, आणि त्याचा चेहरा बदलला. जुन्या बासमतीला कच्चा असताना फार वास नसतो, तो शिजताना उठतो. बानं एक दाणा चावला. "हा तं जुना हाय," तो दुकानदाराला म्हणाला. "बाईमाणूस पाहून कोठीतला माल मारला काय रे?"

मी म्हणाले, "बा, याडीनं निवडला तो. चार पोते पाह्यले तिनं."

"तुले काय समजते? जुनं धान्य घालू गुरुजीच्या ताटात? नाव जाईन माह्यं."

दुकानदारानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाच्याकडे. त्याला सगळं माहीत होतं. याडीनं त्याच्यासमोरच तर दाणा पारखला होता. पण जुना भारी माल पोत्यात परत जातोय आणि त्याच भावात नवा खपतोय, तर तो कशाला तोंड उघडेल? त्यानं आनंदानं गाठोडं रिकामं केलं आणि समोरच्या पोत्यातून नवा, पांढराशुभ्र, टपोरा तांदूळ मापला. त्याला वास मात्र असा होता की दुकानाबाहेर उभी असलेली माणसं वळून पाहायला लागली. बा माझ्याकडे बघून म्हणाला, "याले म्हणतात बासमती." मला आजही तो दुकानदार समोर दिसला तर मी त्याला सोडणार नाही, पण तो केव्हाच मेला.

परतीच्या जीपमध्ये बाया आत, माणसं मागे लटकलेली. याडी मांडीवर पितळेचा गंज घेऊन बसली होती. जीप सुटल्यावर मी तिच्या कानात सांगितलं की बानं तांदूळ बदलला. तिनं पायाजवळचं गाठोडं ओढलं, गाठ सैल केली, आत बोटं घातली. बाहेर काढली तेव्हा बोटांना पीठ लागलेलं होतं. ती ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, थांबव गाडी. दुकानात काही रायलं माह्यं." ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवला. तेवढ्यात मागून बानं जीपच्या पत्र्यावर हात मारला, "चाल चाल, काही नाही रायलं." आणि ड्रायव्हर निघाला. एक क्षणही विचार न करता निघाला. याडीनं पुन्हा सांगितलं, "थांबव म्हणलं ना भाऊ." आतल्या बाया तिच्याकडे बघायला लागल्या. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "बाई, तुमचे मालक तं चाल म्हणून राह्यले." मी लहान होते, पण त्या वेळी जे अंगात पेटलं ते अजून विझलेलं नाही. तांदूळ तिनं निवडला, स्वयंपाक ती करणार, नोकरी तिची, आणि गाडी थांबणार पत्र्यावर कोणाचा हात पडतो त्यावर.

घरी आल्यावर याडी बाला म्हणाली, "तांदूळ काहून बदलला?"

"जुना होता."

"जुनाच लागते भाताले. नवा गिचका होते."

"आता तू शिकवशीन मले धान्य? लमाणाच्या पोराले?"

"ज्वारी नोहे ते," याडी म्हणाली.

बानं बिडी पेटवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी येणार होते आणि तांड्यातून दारव्ह्याला जायला जीप दुपारीच मिळायची. मी म्हणाले मी पायी जाते. याडीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे. पाणी कमी घालून पाहतो."

आणि तिनं ते जमवलं होतं, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. तिनं तांदूळ बराच वेळ धुतला, धुवणाचं पाणी पांढरं येणं थांबेपर्यंत. भिजवला नाही. पाणी बेतानं घातलं. वेळेवर उतरवला, तेव्हा मी झाकण उघडून पाहिलं होतं. दाणे थोडे जाड होते पण सुटे होते, तूप घातल्यावर चमकत होते. त्याच घटकेला वाढला असता तर गुरुजी बोट चाटत उठले असते. पण गुरुजींची फटफटी वाटेत पंक्चर झाली. ऊन डोक्यावर आलं तरी ते आले नाहीत. नायक येऊन ओसरीवर बसला, बा त्याच्याशी बैलांच्या गोष्टी करत बसला, आणि आत सांगून पाठवलं की भात गरम राहू दे, गुरुजीला गार भात चालत नाही. याडी म्हणाली, "परातीत मोकळा करून ठेवतो, मंग वाफेवर गरम करतो." बा आत आला. त्यानं स्वतःच्या हातानं गंज उचलून निखाऱ्यावर ठेवला, वर झाकण घट्ट बसवलं आणि झाकणावरही निखारे टाकले. "हात लावायचा नाही," तो म्हणाला. जुना तांदूळ असता तर तो असा दोन तास बसला असता. नवा तांदूळ बसत नाही, तो आतल्या आत घामेजतो.

गुरुजी आले, हात धुतले, पंगत बसली. कोंबड्याचा रस्सा, वांग्याची भाजी, भाकर, कांदा. गुरुजींनी भाकर चवीनं खाल्ली, रश्श्याचं कौतुक केलं. मग भात. याडीनं झाकण काढलं आणि मला तिचा चेहरा दिसला. पळीला भात लागला तो पळीच्या आकाराचा निघाला. तिनं तो तसाच नेऊन वाढला, दुसरं काय करणार. गुरुजींनी बोटांनी तो गोळा फोडायचा प्रयत्न केला, फुटेना. ते हसले. वाईट माणूस नव्हता तो, सहज हसला. म्हणाला, "अहो, हा भात आहे की पेंड? आमची पोरं यानं भिंती लिंपतील." पंगत हसली. नायकही हसला.

याडी दारात उभी होती, पळी हातात. ती गुरुजींकडे बघत नव्हती, ती बाच्याकडे बघत होती. तिला एवढंच हवं होतं की त्यानं म्हणावं, तांदूळ मी आणला. एक वाक्य. त्याचं त्यात काय जाणार होतं? गुरुजी पुन्हा हसले असते, विषय संपला असता. बानं रश्श्याची वाटी पुढे केली आणि म्हणाला, "तिले भात जमतच नाही, गुरुजी. जलम ज्वारीत गेला तिचा. भाकर मातर झ्याक करते."

मी आतून ओरडले, "बानं बदलला तांदूळ. याडीनं दुसरा निवडला होता. निखाऱ्यावर बी त्यानंच ठेवला." पंगत पुन्हा हसली, पहिल्यापेक्षा जास्त. गुरुजी म्हणाले, "पोरगी आईची वकील दिसते." बा म्हणाला, "लेकरू हाय, गुरुजी, काहीही बोलते." आणि माझं खरं बोलणं तिथेच, त्या ओसरीवर, लेकराची बडबड होऊन बसलं. याडीनं मला मागे ओढलं. मारलं नाही. तिच्या हाताला तांदळाची खळ लागलेली होती, ती माझ्या दंडावर वाळली.

चार-आठ दिवसांत कळलं की नोकरी दिग्रसकडच्या एका बाईला दिली. ते कळलं त्या दिवशी याडी बाला म्हणाली, "माह्यासंगं दारव्ह्याले चला. गुरुजीले एवढंच सांगा का तांदूळ मी आणलता. नोकरी नाही देल्ली तरी चालते."

बा म्हणाला, "बाईच्या भाताकरता मी मास्तरापुढं नाक घासू? चार लोकाईत माही काय इज्जत राहीन?"

तर इज्जत. त्याची इज्जत टिकावी म्हणून तिची गेली, हे त्याला सांगूनही कळत नव्हतं. की कळत होतं? मी कित्येक वर्षं यावर विचार केला आहे. एके काळी मला वाटायचं की तिला नोकरी मिळू नये म्हणूनच त्यानं हे केलं. आता तसं वाटत नाही. तो तेवढा कपटी नव्हता. त्याला फक्त धान्यातलं सगळं कळत असायला हवं होतं, आणि ते टिकवायला त्यानं माझ्या आईला भर पंगतीत मोडीत काढलं. कपटी असता तर कदाचित माझा राग कमी झाला असता.

याडी एकटीच दारव्ह्याला गेली, मला घेऊन. आधी खालाच्या घरी जुना बासमती शिजवला, डब्यात घातला आणि शाळेत नेला. गुरुजींनी डबा उघडून पाहिला. वास साऱ्या कार्यालयात पसरला. त्यांनी डबा बंद करून तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता ते असेलही. पण जागा भरली. आणि तुमच्या घरच्यांनीच सांगितलं ना, भात जमत नाही म्हणून? त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कोण ओळखतं?" याडीनं डबा घेतला. परतताना तो भात आम्ही खालाच्या ओट्यावर बसून खाल्ला. खाला शिव्या देत होती, उर्दूत आणि मराठीत आलटून पालटून, आणि त्या मला फार आवडल्या. याडी जेवत होती, दाणा न दाणा संपवला तिनं.

मी पाचवी शिकले, पण दोन वर्षं उशिरा, मामाकडे राहून. पुढे नर्स झाले, ते वेगळं. तांड्यातल्या लग्नांत भाताचा गंज पुन्हा याडीकडे आला नाही. नायकानंच पंगतीत पाहिलं होतं ना. तिनं आदळआपट केली नाही, माहेरी गेली नाही. फक्त एक गोष्ट सुरू केली. घरात भात करायची वेळ आली, दिवाळी असो, पाहुणे असोत, जावई आलेला असो, ती ताटलीत कच्चा तांदूळ घेऊन ओसरीवर यायची, बापुढे धरायची आणि सगळ्यांदेखत विचारायची, "पाहून घ्या. चालते का?" आवाज न चढवता. बा न बघता म्हणायचा, "चालते." पहिल्या वर्षी त्यानं ताटली भिरकावली होती. तिनं दाणे वेचले, पाखडले आणि पुन्हा आणून धरली. मग त्यानं भिरकावणं सोडलं. माझ्या लग्नाच्या पंगतीतही तिनं ते केलं. माझ्या सासऱ्यांना वाटलं, काय आदर आहे नवऱ्याबद्दल. मी हसले नाही. लोक म्हणतात, संसारात असं धरून बसू नये, सोडून द्यावं. हे नेहमी त्यालाच सुचतं ज्यानं काही गमावलेलं नसतं.

बा शेवटची दोन वर्षं माझ्याकडे यवतमाळात होता. याडीही. अंगानं खंगला होता, पण खाण्याबाबत नखरे तेच. एका दुपारी मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते, तो पलंगावरून बघत होता. याडी त्याच्या पायथ्याशी बसून त्याच्या सदऱ्याला गुंडी लावत होती. तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "गंगे, त्या टायमाले तांदूळ मीच बदललता."

मी ताट खाली ठेवलं. एवढी वर्षं ज्या वाक्यासाठी मी दात ओठ खात होते ते असं सहज, पाणी मागावं तसं, पलंगावरून आलं. मला बरं वाटायला हवं होतं. मला उलट संतापच आला. मी म्हणाले, "मले कायले सांगतो, बा? मी तं दुकानात उभी होतो तुह्यासंगं. तिले सांग."

त्यानं याडीकडे मान वळवली. त्याला ते जड गेलं, मानेनंही आणि मनानंही, हे मला दिसलं आणि मला त्याची दया आली नाही. तो म्हणाला, "कमला, तांदूळ मी आणलता. तुह्या हाताची चूक नोहती."

याडीनं दोरा दातांनी तोडला. गुंडी ओढून पाहिली, पक्की बसली होती. सदरा घडी करून त्याच्या उशाशी ठेवला.

"मले तवाच मालूम होतं," ती म्हणाली. "गुरुजीले सांगायचं होतं."